जनानी घाटावरची राजूबाई

खैराबादचं जुनं शहर बघायला कुणी आलं, की गावात पहिला भेटेल तो माणूस सांगतो, "राजूबाईला घेऊन जावा. एकटं आत जाऊ नका."

शहर आता नावालाच उरलंय. कुणा सुलतानानं मांजरेच्या काठावर ते वसवलं आणि दोन पिढ्यांत सोडूनही दिलं, एवढंच लोक सांगतात. का सोडलं, हे ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. कोटाच्या आत आता तूर आणि ज्वारी पिकते. मशिदीच्या कमानीत शेळ्या रवंथ करत बसतात. पण उन्हं कलली की माणसं, शेळ्या सगळी कोटाबाहेर येतात. गाव बाहेर आहे, भालकीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत. आत घर बांधावं असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.

राजूबाई दुबलगुंडीची लेक. सतराव्या वर्षी लग्न होऊन खैराबादच्या ग्यानबाच्या घरात आली, आता साठीकडं झुकलीय. उंच, सावळी, हातात सापकिरडासाठी बाभळीची काठी. येणारा मराठी बोलला तर मराठीत, नाहीतर कन्नडमध्ये, हैदराबादकडचा असला तर दखनीत ती शहर दाखवते. एकदा सरकारी खात्याची माणसं झुडपं तोडायला आली होती, तेव्हा कुठली खोली कुठं आहे हे नकाशापेक्षा तिलाच जास्त ठाऊक आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून हे काम तिच्याकडंच आलं.

"ह्यो पाणदरवाजा. पावसाळ्यात नदी हितवर येती आन् दाराला इचारून परत जाती," असं ती सांगते. मग काठाकाठानं हत्तीखाना, पडकी मशीद, नदीत उतरत गेलेला जनानी घाट आणि घाटाच्या वरच्या अंगाला हमामखाना, सुलतानाच्या काळचं न्हाणीघर. हमामाचे घुमट अजून शाबूत आहेत. घुमटांना भोकं आहेत, त्यातून उन्हाचे गोल गोल तुकडे फरशीवर पडतात. भिंतींतून खापराचे नळ फिरवलेत. एका खोलीत कुजबुजलं तर तिसऱ्या खोलीत नळाच्या तोंडातून ऐकू येतं.

हमामात शिरायच्या आधी राजूबाई दोन गोष्टी करते. "आत कुनी कुनाला नावानं हाक मारायची न्हाई," हे बजावते, आणि माणसं मोजते. बाहेर पडतानाही मोजते. कुणी हसलं तर म्हणते, "माझी खोड हाय, राहू द्या."

तिनं कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी, की कधीकधी आतल्या अंधारात मोजताना एक माणूस जास्त भरायचं. पुन्हा मोजलं की बरोबर यायचं. पहिल्या वर्षी तिला घाम फुटला होता. नंतर तिनं दोनदा मोजायची सवय लावून घेतली.

ती इथं रोज का येते, हे गावातल्या जुन्या माणसांना माहीत होतं. चाळीस वर्षं होत आली त्याला. घटस्थापनेच्या आधीचा आठवडा होता, घरोघर गोधड्या धुणं चाललं होतं. एकोणीस वर्षांची राजूबाई गोधड्यांचं ओझं घेऊन जनानी घाटावर आली, बरोबर धाकटी नणंद होती, इंदिरा. घरात सगळे तिला इंदी म्हणायचे. अकरा वर्षांची, बडबडी, वहिनीच्या मागं मागं फिरणारी. ऊन फार होतं म्हणून राजूबाईनं तिला वर हमामाच्या सावलीत बसवलं. तीन गोधड्या आपटून झाल्यावर तिनं वर बघून हाक मारली. ओ आली नाही.

नदी त्या दिवसांत भरून चालली होती. भोयांनी तीन दिवस पाण्यात गळ टाकले. खालच्या गावांपर्यंत माणसं काठाकाठानं बघत गेली. हमामातली प्रत्येक खोली, प्रत्येक कोनाडा शोधून झाला. पोरीची बांगडीसुद्धा सापडली नाही. सासूनं राजूबाईला एका शब्दानं दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं, असं राजूबाईला पुढं जन्मभर वाटत राहिलं. सासूनं दिवस घालायला मात्र साफ नकार दिला. "मेलेल्याचे दिवस घालतेत," एवढंच ती म्हणाली. ग्यानबानं त्यानंतर कोटाच्या आत पाऊल टाकलं नाही. त्यानं आतलं शेतसुद्धा दुसऱ्याला करायला दिलं. आणि राजूबाई मात्र एकही दुपार चुकवेना. आधी शेळ्या चारायला म्हणून, नंतर पाहुण्यांना दाखवायला म्हणून ती जातच राहिली.

दोन वर्षांमागं माघातल्या एका रविवारी एक गाडी पाणदरवाज्यापाशी येऊन थांबली. वीरेश आणि नेत्रावती हे जोडपं आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी शैलश्री. वीरेश मूळचा चिटगुप्प्याचा, आता नोकरीनं कलबुर्गीत. घरात कन्नड बोलणारी माणसं, पण मराठी तिघांनाही येत होती. पोरगी चुणचुणीत होती. केसांचे दोन आखूड शेंडे बांधून त्यांना फुलपाखराच्या चिमट्या लावलेल्या.

"अज्जी, हितं कोण ऱ्हातं?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाई. शेळ्या ऱ्हातेत."

"मग घरं कशाला बांधली?"

"ते बांधनाऱ्याला इचारायचं ऱ्हायलं बघ," राजूबाई म्हणाली, आणि नेत्रावती हसली.

भर दुपारी ते हमामात शिरले. राजूबाईनं मोजलं. तीन. आत वीरेश फोनवर घुमटांचे फोटो काढत राहिला, नेत्रावती नळांची तोंडं वाकून बघत होती. निघताना दारातल्या सावलीत उभं राहून राजूबाईनं पुन्हा मोजलं. गडी एक, बाई एक, पोर एक. तीन. त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा मोजलं नाही. आकडा बरोबर आला होता, मग कशाला मोजायचं?

घाटाच्या पायऱ्या उतरून सगळे उजेडात आले आणि नेत्रावतीनं मागं वळून बघितलं.

"शैलू कुठंय?"

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. राजूबाई हमामाच्या दाराकडं बघू लागली. दारातून बाहेर पडताना तिच्यापुढून एक पोर गेलं होतं. ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. आता आठवायला गेली तर त्याचं तोंड आठवेना, चिमट्याही आठवेनात. फक्त उंची आठवत होती, आणि शैलश्रीपेक्षा ती उंची चांगली वीतभर जास्त होती.

वीरेश पळत वर गेला. "नाव घेऊ नका आत," राजूबाई मागनं ओरडली, पण बाप तो, त्याला कुठलं ऐकू येतंय! त्यानं घुमटाखाली उभं राहून तीनदा हाक मारली, "शैलूऽ!" घुमटानं ती हाक परत दिली. राजूबाई दारात उभी राहून ऐकत होती. हाक तीनदा गेली, आणि चारदा परत आली. चौथी जरा हळू होती, नवं नाव तोंडात घोळवून बघावं तशी.

पाऊण तास ते शोधत होते. हमामात खोल्या सहाच. सहाही तीन-तीनदा बघून झाल्या. वीरेश नदीकडं धावला. नेत्रावतीच्या तोंडून आधी हाका, मग रडं, मग नुसताच श्वास निघत होता. राजूबाईला मात्र काही करता येईना. ती हमामाच्या उंबऱ्यावर बसली होती. नदीत बघायचं धाडस तिला होत नव्हतं. तिला गोधडी आपटल्याचे आवाज ऐकू येत होते, एक, दोन, तीन. आणि घाटावर कुणीही धुणं धूत नव्हतं.

तेवढ्यात मागनं कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला.

"अज्जी, मला तहान लागली."

शैलश्री उभी होती. कोरडी, धडधाकट, तोंडावर हसू. ज्या मधल्या खोलीतून ती आली, ती खोली आई-बाप दोघांनीही बघितली होती. चिमट्या तिच्या मुठीत होत्या. आणि केसांचे शेंडे सोडून कुणीतरी तिची एक वेणी घातली होती.

नेत्रावतीनं पोरीला छातीशी धरलं, मग एक चापट मारली, मग पुन्हा धरलं. "कुठं होतीस? कुणी घातली ही वेणी?"

"अक्कानं."

"कोण अक्का?"

"आतली. माझ्यापेक्षा जरा मोठी हाय. ती म्हणली, तुझे केस बारके हायत, पण येतील कसेतरी." मग आठवून तिनं राजूबाईकडं बघितलं. "अज्जी, तिनं तुमाला इचारलंय."

"काय गं?" राजूबाई उंबऱ्यावरून उठली.

"गाय व्याली का?"

चाळीस वर्षांत राजूबाईनं सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, सासूला, नवऱ्याला, पोलिसाला. एकच गोष्ट सांगितली नव्हती. त्या दिवशी घरची गाय व्यायला झाली होती. इंदीनं सकाळपासून धोशा लावला होता. वहिनी, घरी चल, गाय व्याली आसंल. वहिनी, कालवड व्हईल का गोऱ्हा? वहिनी, बघून येऊ का? ऊन डोक्यावर, गोधड्या भिजून जड झालेल्या, राजूबाईचं डोकं फिरलं. तिनं हात उगारला होता. "गाय गाय करून डोकं खाऊ नकोस! जा वर सावलीत बस. व्याली म्हंजी मी सांगीन तुला. तवर हितनं हलायचं न्हाई!" पोरगी रडवेली होऊन वर गेली. ऊन लागत होतं म्हणून नव्हे, वहिनीनं हाकललं म्हणून.

"बघू, बघू ती वेणी," राजूबाई पुढं झाली. पाच पेडांची वेणी होती. बोटं लागताच तिला कळलं. खाली येता येता एक पेड ढिला पडलेला, दर वेळी तोच. इंदी आईकडनं पाचपेडी शिकत होती, आणि वहिनीच्या केसांवर घालून बघायची, आणि चौथा पेड दर वेळी ढिला सुटायचा. वेणीचं टोक अंबाडीच्या वाखानं बांधलेलं होतं. दोरखंडाला तो वाख लागायचा, तेव्हा घरोघर असायचा. आता नायलॉनचे दोर आल्यापासून खैराबादच्या शिवारात अंबाडी भाजीपुरती उरलीय, वाख कुणी काढत नाही.

वाख सुटून राजूबाईच्या हातात आला. नेत्रावतीनं पोरीला मागं ओढलं.

"हात लावू नका! तुमचंच माणूस आसंल आत लपलेलं. पोरं पळवायचा धंदा काढलाय का?"

"बाई, तसं न्हाई वं..."

"मी कंप्लेंट देनार हाय," वीरेश म्हणाला. त्यानं गाडीचं दार उघडलं. तिघं गाडीत बसले. मागच्या काचेतून शैलश्री बघत होती, ती राजूबाईकडं नव्हे, हमामाच्या दाराकडं. तिनं हात हलवला आणि गाडी गेली.

घरी ग्यानबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. राजूबाईनं त्याच्यापुढं वाख ठेवला आणि सगळं सांगितलं, आजचं आणि त्या दिवसाचंही. हाकललं होतं, हात उगारला होता, हे सुद्धा. ग्यानबा ऐकत राहिला. शेंगा सोलायचा थांबला नाही. सगळं संपल्यावर त्यानं सूप बाजूला सारलं.

"कालवड झालती," तो म्हणाला. "आपन इंदीला हुडकायला गेलो तवाच गाय व्याली. घरात कुनी नव्हतं बघायला."

"व्हय."

"मग तू आजून सांगितलं न्हाईस व्हय तिला?"

राजूबाईला वाटलं होतं तो चिडेल, रडेल, निदान भुताखेताचं काढू नकोस म्हणेल. असा साधा सवाल येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. कोटाच्या दारात ग्यानबाचा पाय क्षणभर अडला, मग आत पडला. हमामात मधल्या खोलीत उन्हाचे गोल तुकडे पडले होते. राजूबाई खाली बसली आणि नळाच्या तोंडाकडं बघून बोलली. बोलताना लाज वाटत होती, कुणी बघेल म्हणून.

"इंदे, गाय व्याली गं. कालवड झाली. लाल हाय, आन् कपाळावर पांढरं हाय. मी सांगाया पायजे हुतं, सांगितलं न्हाई. मी तुला रागं भरले, माझं चुकलं."

काही झालं नाही. नदीचा आवाज येत होता, एक पारवा घुमटात फडफडला. थोडा वेळ थांबून दोघं उठले. दारापाशी ग्यानबा थबकला.

"काय म्हनलीस?"

"मी कुठं काय म्हनले?"

"कालवडीचं नाव काय ठिवलं म्हनून इचारलीस न्हवं आता?"

राजूबाईनं नकारार्थी मान हलवली. मग ग्यानबा एकटाच वळून आत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचं उपरणं ओलं होतं. राजूबाईनं काठी उचलली आणि दोघं घरी आले.

त्यानंतर दोघं मिळून जाऊ लागले. वीरेशच्या तक्रारीवरून खात्यानं हमामाला लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि पाहुण्यांना आत जायची बंदी केली. किल्ली राजूबाईकडंच दिली, साफसफाईसाठी. दुपारी दार उघडून ती आत बसायची आणि सांगायची. गावात वीज आली, पूल झाला, वडाचं झाड पडलं. बोलायची ती, आणि ऐकू यायचं फक्त ग्यानबाला. चाळीस वर्षं ती शोधत राहिली, पण आवाज तिच्या कानाला कधी आला नाही. बाहेर आल्यावर ती विचारायची, "काय म्हनली?" आणि तो सांगायचा. कधी म्हणायचा, "आज काय न्हाई."

एकदा तो आठ दिवस "काय न्हाई" म्हणत राहिला. नवव्या दिवशी जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"आई कामून येत न्हाई, म्हनायली," तो म्हणाला. "मला न्हाई सांगवत. तू सांग."

त्या दुपारी राजूबाईनं सांगितलं. सासूला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ती कशी आजारी पडली, शेवटच्या दिवसांत कुणाला ओळखत नव्हती, हे सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की इंदी गेल्यावर सासू दर दिवाळीला तिच्या मापाचा परकर शिवायची. दर वर्षी चार बोटं लांब. पोरगी वाढत असेल, आली तर घालायला अंगावर बसणारं काही नको का, म्हणायची. असे सहा परकर शिवले. सातव्या वर्षी लुगडं आणलं, आणि मग काही आणलं नाही. "पेटीत हायत आजून सगळे. मी फेकले न्हाईत."

बाहेर आल्यावर तिनं ग्यानबाकडं बघितलं. त्यानं मान हलवली. काही आवाज आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी उघडली. परकर उन्हात धरले, झटकले, घडी घातली आणि हमामातल्या कोनाड्यात नेऊन ठेवले. सगळ्यात खाली लुगडं, मग लांब ते आखूड असे परकर, वर सगळ्यात आखूड. जाळीला कुलूप लावून ती घरी आली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. कोनाड्यात लुगडं होतं, पाच परकर होते. सगळ्यात वरचा, अकरा वर्षांच्या पोरीच्या मापाचा, तेवढा नव्हता.

"मुंगसानं वढला आसंल," ग्यानबा म्हणाला.

राजूबाईनं लुगडं आणि उरलेले परकर उचलले, छातीशी धरले, आणि जरा वेळानं पेटीत ठेवायला म्हणून घरी नेले. ती परत कोटाकडं आली तोवर पाणदरवाज्यापाशी एक गाडी येऊन थांबली होती. काठी घेऊन ती तिकडं गेली. पाच माणसं होती, लातूरकडची.

"हमाम बंद हाय," ती म्हणाली. "बाकी सगळं दाखवते. चला, नदीकडनं जाऊ."